दाढ काढण्याआधी कळ ओळखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गालात कळ येते, ती दाढेचीच असणार असे समजून दाढ काढली जाते, काही दिवसांनी कळ परत येते आणि मग शेजारची दाढ जाते. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच्या, म्हणजे चेहऱ्याच्या नसेतून उठणाऱ्या कळेच्या, रुग्णांच्या तोंडात अशा विनाकारण काढलेल्या दातांच्या रिकाम्या जागा आजही दिसतात. हा दाताचा आजारच नाही. त्यावरचे कार्बामॅझेपिन हे औषध 60 वर्षांपासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तरीही सांगली-सातारा भागातले रुग्ण त्या औषधापर्यंत उशिरा पोहोचतात, आणि पोहोचल्यावर ते मनाने कमी-जास्त करतात किंवा मध्येच सोडतात.

दोन्ही दुखण्यांतला फरक नीट विचारपूस केली तर बहुतेक वेळा खुर्चीतच कळतो. दाताच्या मगजाला (दाताच्या आतल्या मऊ भागाला) सूज आली असेल तर थंड-गरम लागताच ठणका सुरू होतो आणि चहाचा कप खाली ठेवल्यावरही रेंगाळतो. मगज कठीण भिंतींत कोंडलेला, सुजेला पसरायला जागा नाही. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून हा ठणका रात्री झोपू देत नाही. ट्रायजेमिनलची कळ वेगळी. ती काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची असते. रुग्ण म्हणतात, ‘करंट बसतो’. दोन कळांच्या मध्ये बहुतेकांना काहीही दुखत नाही. तोंड धुणे, दात घासणे, भाकरीचा घास चावणे, गाडीवर गार वारा लागणे, एवढेही ती सुरू व्हायला पुरते.

रुग्ण जागा कशी दाखवतो तेही पाहावे. दाढ दुखणारा माणूस तळहाताने गाल दाबून धरतो. न्यूराल्जियाचा रुग्ण बोट गालापासून इंचभर लांब ठेवून दाखवतो, लावत नाही. पुरुषांच्या गालावर कधी कधी नाकाशेजारचा एक पट्टा दाढी न केलेला दिसतो, कारण वस्तरा तिथे लागला की कळ उठते.

त्यानंतर प्रत्येक दाताला गार कापसाचा बोळा लावून दुखणे किती सेकंद टिकते ते मोजावे, दात ठोकून पाहावा, एक्स-रे काढावा. एकही दात दोषी सापडला नाही तर चिमटा खाली ठेवावा. इथे एक फसगत नेहमी होते: भुलीचे इंजेक्शन दिल्यावर कळ थांबते, आणि दात दोषी ठरवला जातो. पण भुलीने कळ उठवणारी जागाच बधिर होते, त्यामुळे न्यूराल्जियाची कळही थांबते. त्यावरून दाताबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

ही कळ उठते ती मेंदूच्या देठाजवळ. चेहऱ्याची संवेदना नेणारी पाचवी नस जिथे देठात शिरते, तिथे बऱ्याच रुग्णांत एखादी धमनी तिच्यावर टेकलेली असते. ठोक्यागणिक बसणाऱ्या दाबाने नसेवरचे मायलिनचे आवरण झिजते आणि उघड्या वायरी एकमेकींना लागाव्यात तसे होते. स्पर्शाचा संदेश शेजारच्या वेदनेच्या तंतूत शिरतो, तंतू आपणहून संदेश सोडू लागतात. म्हणून नुसत्या वाऱ्याने कळ येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या सुजेतली प्रोस्टाग्लँडिन नावाची, दुखणे वाढवणारी रसायने कमी करतात. इथे तशी सूज नसल्यामुळे पाकिटे संपली तरी फरक पडत नाही. कार्बामॅझेपिन नसेतल्या सोडियमच्या वाहिन्यांना (सोडियम आत सोडून नसेचा संदेश पेटवणाऱ्या सूक्ष्म दारांना) धरते, आणि तेही वारंवार पेटणाऱ्या नसेतल्या वाहिन्यांना अधिक. सुरुवातीला दहापैकी सात-आठ रुग्णांना तरी त्याने चांगला आराम पडतो.

औषध सुरू करण्याची रीत मात्र सांभाळावी लागते. साधारणपणे 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत. वयस्कांत याहून कमी. मग दर तीन-चार दिवसांनी 100 मिलिग्रॅम वाढवत जायचे. बहुतेकांना दिवसाला 400 ते 800 मिलिग्रॅम पुरते, 1200 च्या वर सहसा जात नाहीत. घाईने वाढवले की चक्कर येते, एकाचे दोन दिसते, तोल जातो, आणि सत्तरीतला माणूस न्हाणीघरात पडतो. यकृत हे औषध मोडायला हळूहळू अधिकाधिक शिकते, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत रक्तातले प्रमाण आपोआप उतरते. कळ परत आली म्हणून लोक ‘औषध लागू पडेना’ म्हणतात आणि सोडून देतात. त्या वेळी हवे असते डॉक्टरांना विचारून थोडी मात्रा वाढवणे. एकदम बंद तर कधीच करू नये. अपवाद फक्त पुरळाचा. हळूहळू सुटणारी, सीआर लिहिलेली गोळी कुटून किंवा चावून घेऊ नये.

सुरू करण्याआधी आणि काही आठवड्यांनी रक्तपेशी, यकृत आणि सोडियम तपासावे. आपल्याकडे ब्लडप्रेशरच्या कित्येक गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. त्यावर कार्बामॅझेपिन आले की सोडियम घसरते आणि म्हातारी माणसे असंबद्ध बोलू लागतात. घरच्यांना ते वयाचे वाटते. दंतवैद्याने किंवा दुसऱ्या डॉक्टरने एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखे अँटिबायोटिक दिले तर उलट कार्बामॅझेपिनची रक्तातली पातळी चढते आणि विषबाधेची लक्षणे दिसतात. रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम मात्र ते कमी करते. म्हणून रुग्णाने प्रत्येक चिठ्ठीच्या वेळी हे औषध चालू असल्याचे सांगावे आणि औषध दुकानदारांनीही विचारावे.

सर्वांत गंभीर धोका स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचा. सहसा पहिल्या दोन महिन्यांत ताप, डोळे लाल, तोंडात फोड, अंगावर सोलणारे पुरळ. पुरळ दिसताच गोळी त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठावा. एचएलए-बी 1502 ही जनुकखूण असलेल्यांत हा धोका फार वाढतो. आशियाई वंशाच्या रुग्णांत आधी ती तपासावी, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 मध्ये दिला. ही तपासणी आपल्याकडे फार कमी वेळा सांगितली जाते, हे बदलायला हवे. पुरळ आले म्हणून ऑक्सकार्बाझेपिन या त्याच्याच भावंड औषधावर जाणे हाही सुरक्षित मार्ग नाही, कारण काही रुग्णांना तेही बाधते.

गोळ्या पुऱ्या पडत नसतील तर धमनी आणि नस यांच्यात टेफ्लॉनचा तुकडा ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे. त्याआधी नसेचे बारीक छेद घेणारा एमआरआय लागतो. साध्या एमआरआयमध्ये धमनीचा दाब निसटतो. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना कळ येत असेल किंवा गाल बधिर असेल तर एमआरआय लांबवू नये, गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मायलिन झिजवणारा मेंदूचा आजार) असू शकतो. आणि अजिंक्यताऱ्याची चढण चढताना जबडा दुखतो, थांबल्यावर दुखणे जाते, असे कोणी सांगितले तर ते हृदयाचे दुखणे असू शकते, त्याला आधी ईसीजीला पाठवावे.

खऱ्या दातदुखीबद्दल एवढेच: सूज-ताप नसताना दुकानातून आणलेले अँटिबायोटिक मगजाचा ठणका कमी करत नाही, दाढेशी धरलेली अ‍ॅस्पिरिन हिरडी जाळते, आणि मिश्री दाबून बसणाऱ्या बायकांना तंबाखूची सवय तेवढी लागते. ऊसतोडीच्या उन्हात, पाणी कमी पिऊन वेदनाशामके घेत राहणे मूत्रपिंडाला घातक ठरते.

संशोधन थांबलेले नाही. वेदना न जाणवणाऱ्या पाकिस्तानी कुटुंबांत सोडियम वाहिनी 1.7 च्या जनुकातला दोष 2006 मध्ये सापडला, तेव्हापासून तीच वाहिनी बंद करणारे औषध शोधले जात आहे, पण अजून हाती लागलेले नाही. मायग्रेनवरचे एरेनुमॅब न्यूराल्जियासाठी तपासले गेले. 2022 च्या डेन्मार्कमधल्या चाचणीत ते निव्वळ दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरले नाही. वाहिनी 1.8 रोखणाऱ्या सुझेट्रिजिनला जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही अचानक उद्भवणाऱ्या वेदनेसाठी. म्हणजे आजच्या रुग्णाला जुनीच गोळी नीट वापरायची आहे.

त्यासाठी मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आणि साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस दंतवैद्य आणि मेंदूविकाराचे डॉक्टर यांनी चेहऱ्याच्या वेदनेचे रुग्ण एकत्र तपासावेत. कार्बामॅझेपिन सुरू केलेल्या प्रत्येकाला मराठीत छापलेला कागद द्यावा: गोळी किती आणि केव्हा, रक्त केव्हा तपासायचे, कोणती औषधे सोबत चालत नाहीत, पुरळ आले तर कुठे फोन करायचा.

आपले,
दंतवैद्यक व औषधशास्त्र शिकवणारे काही जण, सांगली-मिरज