‘अचानक’ हा शब्द बातमीतून काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘रोही (नीलगाय) अचानक आडवा आल्याने दुचाकीस्वार ठार’, ‘रानडुक्कर आडवे आल्याने कार उलटली’. दिवाळी सरली की विदर्भ-मराठवाड्याच्या पानांवर अशा बातम्या वाढू लागतात. मजकूर चार ओळींचा, आणि त्यात ‘अचानक’ हमखास. हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे रात्री गाड्या चालवणारे: कुणी ट्रॅव्हल्सवर, कुणी दुधाच्या टँकरवर, कुणी भाड्याच्या कारवर. आमची तक्रार या एका शब्दाशी आहे. जनावराची वेळ ठरलेली असते, हंगाम ठरलेला असतो, बहुतेकदा ओढाही ठरलेला असतो. ते आपल्याला अचानक दिसते, कारण गाडी दिव्याच्या उजेडापेक्षा पुढे पळत असते.

हंगामाचे आधी सांगतो. सोयाबीन निघाले की रान मोकळे होते. उभी राहते ती तूर, आणि हरभरा-गहू नुकता वर येत असतो. रोही दिवसभर गायरानात, वेड्या बाभळीत, धरणाच्या काठच्या झुडपात असतो आणि दिवस मावळला की पिकाकडे निघतो. परततो उजाडायच्या आधी. म्हणून संध्याकाळी साडेसहा ते नऊ आणि पहाटे चार ते सहा हे तास वाईट. तूर जानेवारीपर्यंत माणसाच्या डोक्याइतकी उभी असते आणि पुष्कळ ठिकाणी ती थेट साइडपट्टीपर्यंत पेरलेली असते. तिच्या आडून निघालेले जनावर डांबरावर पाऊल टाकेपर्यंत दिसतच नाही. उन्हाळ्यात पिकांऐवजी पाणी बघायचे: कालवा, तलाव, ओढ्यातला डोह. रानडुकरे आणि हरणे ओढ्याच्या झाडीतून चालतात, त्यामुळे जिथे मोरी किंवा लहान पूल आहे, त्याच्या अलीकडे-पलीकडे शंभर-शंभर मीटर पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ठेवावा.

एक खूण पाट्यांवर कुठे लिहिलेली नसते. शेतात बॅटरीचा झोत इकडेतिकडे हलताना दिसला, डबा वाजवल्याचा किंवा फटाक्याचा आवाज आला, की तिथे जागल चालू आहे. शेतकरी कळप हाकलतोय, आणि हाकललेला कळप बऱ्याचदा रस्त्याकडेच धावतो. तो धावताना थांबत नाही. बॅटरी दिसली की वेग पन्नासच्या खाली आणावा.

आता हिशेब. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. रात्री समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो, म्हणजे ३३ मीटर गेले. पुढे कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, पूर्ण ब्रेक दाबून आणखी ३५ मीटर. एकूण ६८. साठच्या वेगाला हेच अंतर ४५ मीटर. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे. तिथे ते १३० मीटरच्या घरात जाते. डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या झोतात, काळसर अंगाचे जनावर पन्नास-साठ मीटरच्या आधी नीट ओळखू येत नाही. पन्नास मीटरवर रोही दिसला असे धरा. साठची गाडी त्याच्या अलीकडे थांबेल. ८० ची गाडी सगळे ब्रेक लावूनही त्याला ५५-६० च्या वेगाने धडकेल. वीसचा फरक एवढा महाग पडतो. रस्ता ओला असेल तर ब्रेकचे अंतर दीडपट धरा, आणि पहिल्या पावसात तेलकट रस्त्यावर त्याहूनही जास्त.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्टिअरिंगची. जनावराला धडकून जितके लोक मरतात, त्याहून जास्त आम्ही पाहतो ते जनावर चुकवायला गेलेले: दुभाजकावर चढलेले, झाडावर गेलेले, समोरून येणाऱ्या ट्रकखाली गेलेले. उंच गाडी, मागे सामान, ८० चा वेग आणि उजवीकडे एक झटका. गाडी उलटायला एवढे पुरते. रोही काही आपल्या बाजूने सरळ निघून जात नाही. तो बिचकतो, थबकतो, निम्म्यातून मागे फिरतो. तुम्ही ज्या बाजूने चुकवाल तिकडेच तो येईल अशी पन्नास टक्के शक्यता असते. म्हणून स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचे आणि ब्रेक पूर्ण दाबायचा. एप्रिल २०१९ नंतरच्या कारमध्ये एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असतेच. ते चालू झाले की पेडल पायाखाली थरथरते, करकर वाजते, आणि नेमके तेव्हाच लोक घाबरून पाय उचलतात. उचलू नका, ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे. जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीत मात्र चाके लॉक होऊन गाडी घसरायला लागली तर ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा दाबावा लागतो. धडक होणारच असे दिसले तरी शेवटपर्यंत ब्रेक सोडायचा नाही. ‘शेवटच्या क्षणी ब्रेक सोडावा म्हणजे नाक वर उठते आणि जनावर खाली जाते’ असा सल्ला ढाब्यांवर मिळतो. तो फार मोठ्या आणि उंच पायांच्या प्राण्यांच्या देशांतला आहे, आणि तिथेही सराव केलेल्यांसाठी. ५५ च्या वेगाची धडक ४० वर आणता आली तर तेवढे पुरे.

प्रत्येक जनावराचा मार वेगळा. रोह्याचे पाय लांब. मोठा नर दोनशे किलोच्या वर. बंपर त्याचे पाय उडवतो आणि धड बॉनेटवरून थेट काचेवर येते. पट्टा नसेल तर एअरबॅगवरही भरवसा ठेवू नये. ती पट्ट्याला जोड म्हणून बनवलेली असते. रानडुकराचा प्रकार उलटा. ते बुटके, ठोस, आणि बंपरखाली शिरते. रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, फॅन, नशीब वाईट असेल तर ऑइल चेंबर, सगळे एका धडकेत जाते. हलकी कार त्याच्यावर चढून उलटूही शकते. शिवाय डुकराचे डोळे चमकत नाहीत. हरीण, रोही, बिबट्या, मांजर यांच्या डोळ्यांत मागे चकाकणारा पडदा असतो. डुकराच्या डोळ्यांत तो नाही. काळे अंग, काळा रस्ता, डोळे विझलेले. आणि ते एकटे क्वचितच असते. मादी पुढे गेली की मागे पिल्लांची रांग. चितळ आणि हरणांचेही तेच. एक गेले म्हणून ॲक्सिलरेटर दाबणारा चालक दुसऱ्याला धडकतो.

डोळे चमकत नसतील तर काय बघायचे? समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे. ते क्षणभर झाकले जाऊन पुन्हा उघडले, किंवा दूरच्या रिफ्लेक्टरांपैकी एखादा मधूनच गायब झाला, तर मध्ये काहीतरी आहे. दोन पदरी रस्ता मोकळा असेल तेव्हा डाव्या पांढऱ्या पट्टीला चिकटून न जाता जरा मध्याकडे चालवले तर झुडपातून निघालेल्या जनावराला अर्धा सेकंद जास्त लागतो. चौपदरीवर दुभाजकही विसरू नये. कण्हेर आणि बोगनवेल वाढून तिथे अशी भिंत होते की निम्मा रस्ता ओलांडून आत थांबलेला रोही डिपरमध्ये दिसत नाही.

दिव्यांबद्दल. रिकाम्या रस्त्यावर अप्पर (लांबचा झोत) लावावा, पण जनावर दिसले की डिपर करावा. प्रखर झोतात ते दिपते आणि जागीच उभे राहते. हॉर्न एकदा, लांबून. जवळ जाऊन सतत वाजवलेल्या हॉर्नने ते कुठेही उडी मारते. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असेल तर गाडीचे नाक वर उचलले जाते आणि डिपरचा झोत झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची एक चकती किंवा बटण असते, ते अशा वेळी २ किंवा ३ वर न्यायचे. गाडी विकेपर्यंत ते बटण कशाचे, हे कित्येकांना माहीत नसते. पिवळी पडलेली दिव्याची काच आणि आतून धुरकट झालेली समोरची काच निम्मा उजेड खाते. धुरकट काचेला फडके आणि पाच मिनिटे पुरतात. बंपरवर बसवलेली अल्ट्रासोनिक (माणसाला ऐकू न येणारी) शिट्टी आणि लोखंडी गार्ड, दोन्ही विसरा. शिट्टीने जनावर थांबते याला पुरावा नाही. गार्ड एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज बिघडवतो आणि पायी चालणाऱ्याला मारतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलेच आहे.

दुचाकीवाल्यांना एकच सांगणे: अशा पट्ट्यात रात्री चाळीस-पंचेचाळीस. डुक्कर चाकाखाली आल्यावर दुचाकीला दुसरा उपाय उरत नाही. हेल्मेटची काच काळी नको.

आंबोली, राधानगरी, चंदगडकडे जाणाऱ्यांनी गव्याचे वेगळे ध्यानात ठेवावे. मोठा नर कारच्या वजनाला येतो. अंग काळे, फक्त पायांत पांढरे मोजे. धुक्यात आधी तेवढेच दिसते. तीस मीटर अलीकडे थांबायचे, डिपर, हॉर्न नाही, फोटोसाठी उतरणे नाही. कळप जायला पाच मिनिटे लागतात.

धडक झालीच तर? गाडी डावीकडे, चारही इंडिकेटर, आणि मागे किमान पन्नास मीटरवर त्रिकोण. जनावर पडलेले असले तरी जवळ जायचे नाही. जखमी रोह्याची लाथ आणि डुकराचा सुळा दोन्ही वाईट, आणि वाघ-बिबट्या तर कितीही निपचित दिसो. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीजवळ कारच्या धडकेने जखमी झालेला वाघ फरफटत झाडीत गेला होता. त्याच झाडीजवळ उतरून मोबाइल धरणाऱ्यांचे काय झाले असते, ते सांगायला नको. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, पोलीस ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. माणूस जखमी असेल तर आधी १०८.

मेलेले जनावर कुणाचेच नाही असे समजून गावातले चार जण सुरी घेऊन येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. डिकीत डुक्कर टाकून घरी नेणारा चालक अपघाताचा आरोप नसताना गुन्ह्याचा आरोप ओढवून घेतो.

पुढे निघण्याआधी बॉनेट उघडून बघा. खाली हिरवे, लाल किंवा गुलाबी पाणी ठिबकत असेल तर ते कूलंट, इंजिन थंड ठेवणारे. पाच किलोमीटर ‘ढकलत नेऊ’ म्हणणाऱ्याच्या इंजिनाचे हेड उडते आणि विम्यात ते बसेलच असे नाही, कारण धडकेनंतर चालवल्याने वाढलेले नुकसान कंपन्या बाजूला काढतात. तेलाचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद. फॅन त्याच्या आवरणाला घासतोय का, चाक मडगार्डला लागतंय का, बॉनेटचे लॉक धरतंय का, हेही पाहावे. लॉक तुटलेले बॉनेट वेगात उघडून काचेवर येते. फोटो जागेवरच काढा, त्यात किलोमीटरचा दगड आणि बंपरला चिकटलेले केस दिसू द्या. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. सर्वंकष विमा लागतो. लहान नुकसानीसाठी दावा करण्याआधी नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती जाईल, ते मोजावे.

हे झाले आमच्या बाजूचे. रस्त्याच्या बाजूला काय करता येते, ते नागपूर जिल्ह्यातच उभे आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसर-खवासा टप्प्यात जनावरांना खालून जाता यावे म्हणून नऊ बांधकामे केली आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरचे. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ प्रजाती त्याखालून जाताना दिसल्या. कर्नाटकात बंदीपूरमध्ये २००९ पासून रात्री नऊ ते सहा रस्ताच बंद असतो. तसे इथे सगळीकडे केले तर आमच्यासारख्यांची चूल बंद होईल. खालून वाट देणे महाग असले तरी दोघांच्या सोयीचे आहे. मात्र वाट मोकळी हवी. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलेल्या किंवा ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या असलेल्या भुयारातून रोही जात नाही, तो वर येतो. कुंपणाचेही तसेच. इंटरचेंजच्या तोंडातून एकदा आत शिरलेल्या कळपाला बाहेर पडायला उतार ठेवला नाही, तर तेच कुंपण पिंजरा होते.

पण पैशाविनाही होण्यासारखे पुष्कळ आहे. ऑक्टोबरात साइडपट्टीच्या कडेचे तीन-चार मीटर गवत आणि बाभूळ कापणे. दुभाजकाची झाडे गुडघ्याएवढी ठेवणे. ढाब्यांचा खरकटा ढीग रस्त्यापासून लांब नेणे, कारण डुकरे त्यावरच येतात. मेलेले जनावर सकाळपर्यंत रस्त्यावर न ठेवणे. त्याला खायला आलेला कोल्हा किंवा तरस पुढचा बळी ठरतो. ‘सावधान, वन्यप्राणी’ ही पाटी चाळीस किलोमीटरच्या दोन्ही टोकांना लावून काही होत नाही. पाटी नेमक्या ओढ्यापाशी हवी, आणि त्याआधी चाक थरथरवणाऱ्या पट्ट्या.

तो नेमका ओढा कुठला, हे ठरवायला नोंद लागते, आणि इथे आपल्या दैनिकाकडे आमची मागणी आहे. ‘तालुक्यातील अमुक शिवारात’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही. बातमीदाराने किलोमीटरचा दगड, वेळ, जनावर आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोणते पीक होते, एवढे चार तपशील द्यावेत. एका हंगामाच्या बातम्या नकाशावर मांडल्या की लाल ठिपके कुठे गोळा होतात, ते बांधकाम खात्यालाही नाकारता येणार नाही. ‘अचानक’ काढल्याने बातमीत जी जागा रिकामी होईल, तेवढ्यात हे चार शब्द बसतात.

आपले,
रात्रीच्या रस्त्यावरचे काही चालक
वाशीम