उजवी पेटी लागत नाही

मिरज, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

दिवाळीत तुझा फोन आला होता तेव्हा 'उद्या करतो' म्हणालो होतो, तो उद्या आज उजाडलाय. शिव्या घालायच्या असतील तर घालून घे आधी, मी थांबतो. झालं? बरं. माझी शुगर होती तिथेच आहे, आईचा गुडघा पण आहे तिथेच, स्मिता मजेत. पुढे.

फोनवर हे बोलता येणार नाही म्हणून टाइप करत बसलोय. फोन केला असता तर तू पहिल्या दोन मिनिटांत काहीतरी फालतू विनोद केला असतास, मी हसलो असतो आणि मग सांगायचं राहूनच गेलं असतं.

तर, मी शेवटी रिसिव्हर घेतला, टीव्हीचा आवाज सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा अँप्लिफायर. डेनॉनचा, सात चॅनेलचा. लावल्यात पाचच पेट्या, म्हणजे स्पीकर, आणि खर्जासाठी एक सबवूफर, कारण उरलेल्या दोन लावायच्या तर स्मिताला गॅलरीत झोपावं लागेल. तू मस्कतला गेल्यापासून 'साउंडबार घे रे, एक वायर, विषय संपला' असं सांगून माझं डोकं खाल्लंयस, पण लेका, आपण दोघं अण्णांच्या दुकानात सोल्डरिंगच्या धुरात वाढलो आणि मी साउंडबार घेऊ? ते म्हणजे मिरजेत राहून कीबोर्डवर तानपुऱ्याचं बटण दाबून गाण्यासारखं आहे.

मागच्या शनिवारी दुपारी खोकं उघडलं. अण्णा आरामखुर्ची ओढून समोर येऊन बसले, एकोणऐंशी वर्षांचा माणूस पण डोळे बघायला हवे होतेस तू. मागची बाजू बघून म्हणाले, 'एवढी भोकं? आमच्या मर्फीला दोन होती, एरियल आणि अर्थ.' मी म्हटलं अण्णा टीव्हीकडनं एकच वायर येते, एचडीएमआय, त्याच वायरीतून चित्र पुढे जातं आणि टीव्हीचा आवाज मागे येतो, एआरसी म्हणतात त्याला. ते म्हणाले, 'म्हणजे एकाच रस्त्यावर दुतर्फा वाहतूक, आपल्या स्टेशन रोडसारखी. मग जाम होणार.' आणि झालंच जाम. तासभर चित्र आहे, आवाज नाही. मग कळलं की टीव्हीला एचडीएमआयची चार भोकं असली तरी एआरसी लिहिलेलं एकच असतं आणि मी शेजारच्यात खुपसलं होतं. ते बदललं, दोन्हीकडे सीईसी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सोय, ऑन केलं, टीव्हीच्या साउंडमध्ये जाऊन पीसीएमचं बिटस्ट्रीम केलं, म्हणजे टीव्हीने आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवायचा, तेव्हा कुठे रिसिव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी आलं. अण्णांनी टाळी वाजवली, आईने आतून 'काय फुटलं?' विचारलं.

वायर मी चौदा गेजची तांब्याची आणली. मागच्या दोन पेट्यांची भिंतीच्या कडेने पट्टीतून नेली, त्यात एक ड्रिल बिट मोडलं आणि वॉलपेपर फाटला (स्मिताला अजून सांगितलेलं नाही, तिथे कॅलेंडर लावलंय). सगळं जोडून पॉवर दाबली तर लाल दिवा लुकलुकून बंद. परत दाबली, परत बंद. माझा घसा कोरडा पडला, मी दुकानदाराला फोन करायला उठलो. अण्णा म्हणाले, 'बस खाली. मशीन स्वतःला वाचवतंय, म्हणजे जिवंत आहे.' चष्मा कपाळावर ढकलून टॉर्च घेऊन मागे वाकले, आणि बोटाने दाखवलं. सेंटरच्या, म्हणजे मधल्या पेटीच्या, लाल टर्मिनलमधून तांब्याची एक तार, केसाएवढी, बाहेर येऊन काळ्याला टेकली होती. एक केस! तो कापला आणि चालू. मग सगळ्या टोकांना बनाना प्लग लावले, जे आधीच लावायला हवे होते हे तू म्हणणार, तर नको म्हणूस.

आता कॅलिब्रेशन. खोक्यात एक छोटा मनोऱ्यासारखा माइक येतो आणि तो ठेवायला पुठ्ठ्याचा स्टँड. आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीला माइक ठेवायचा, मग रिसिव्हर एकेका पेटीतून हुईप हुईप असे आवाज सोडतो आणि माइकला ते किती वेळात आणि किती मोठे पोचले त्यावरून पेटी किती लांब आहे, किती जोरात लावायची, सगळं स्वतः ठरवतो. असं आठ जागी. पंखा बंद, फ्रिज बंद, सगळ्यांनी तोंड बंद. चौथ्या जागेला आईच्या कुकरची शिट्टी झाली, पहिल्यापासून. मग सहाव्या जागेला भंगारवाला आला. शेवटी रात्री साडेअकराला केलं, आणि सुध्या, काय सांगू, पेट्या दिसेनाशा झाल्या. म्हणजे आहेत समोर, पण आवाज त्यांच्यातून येतोय असं वाटत नाही, माणूस बोलतो तो पडद्याच्या मध्येच, पाऊस चारी बाजूंनी. पुढच्या पेट्या त्याने 'लार्ज', म्हणजे खर्जासकट सगळं वाजवणाऱ्या, धरल्या होत्या, त्या मी 'स्मॉल' केल्या आणि ऐंशी हर्ट्झच्या खालचा सगळा खर्ज सबवूफरकडे वळवला. सबचं अंतर आठ फुटांवर असताना तेरा फूट दाखवत होतं, अण्णा म्हणाले राहू दे, आतल्या सर्किटमध्ये आवाजाला उशीर होत असणार, तो त्याने अंतरात धरलाय. बरोबर निघालं. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा एव्ही रिसिव्हर बघत होता.

हे एवढं सगळं तुला का सांगतोय, तर आता येतं ते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी अण्णा त्यांच्या खुर्चीत बसले, बरोब्बर मधोमध, मीच खुर्ची मापून ठेवली होती. जुनं ठुमरीचं रेकॉर्डिंग लावलं, साधं स्टिरिओ. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, 'मन्या, उजवी पेटी लागत नाही.' मी जाऊन कान लावला, लागत होती. म्हटलं लागतेय की. 'मग वायर उलटसुलट झालीय. सगळं डावीकडनंच येतंय.'

मी टेस्ट टोन लावला, एकेका पेटीतून फिरणारा आवाज. डावी, खस्स. मधली, खस्स. उजवी, खस्स. अण्णा डोळे मिटून बसले होते, तिन्ही वेळा त्यांनी हात डावीकडेच केला.

तुला त्यांचा नियम आठवतो का? दुकानात आपण काहीही फॉल्टी आणलं की लगेच खोलायचं नाही, आधी जागा बदलून बघायची. फॉल्ट वायरबरोबर गेला तर वायर, पेटीबरोबर गेला तर पेटी, जागेवरच राहिला तर मशीन. मी तेच केलं. मागच्या टर्मिनलवर डावं-उजवं बदललं. 'तसंच आहे.' पेट्यांची जागा बदलली, अकरा-अकरा किलोच्या, कंबर गेली. 'तसंच.' वायर नवीन टाकली. सेटिंग सगळं रिसेट करून परत माइक लावून आठ जागा केल्या. सेल लावून पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण वायर, बघितली, आपली जुनी पद्धत, स्पीकरचा पडदा बाहेर आला तर बरोबर. मला एकदा वाटलं की आयतं चालू मशीन मी बिघडवणार. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला सर अपडेट मारा. अपडेट मारला. तसंच.

इथे एक सांगतो, तीस वर्षं राहिलंय. १९९४ च्या गणपतीत आपला तो चव्वेचाळीस-चाळीस (४४४०) नंबरच्या आयसीचा अँप्लिफायर, आरतीला बेस गायब झाला, मी सगळ्या मंडळासमोर 'सुध्याने वायर उलटी जोडली' म्हणालो आणि तू तीन महिने बोलला नाहीस. अण्णांनी येऊन एका पेटीच्या दोन वायरी बदलल्या आणि बेस आला, आठवतंय ना. ती पेटी मी जोडली होती. मला तेव्हाच माहीत होतं. आयसी पण तू जाळला नाहीस, मीच आत स्क्रूड्रायव्हर घातला होता. झालं सांगून. आता मस्कतहून फोन करून ओरडू नकोस, रात्र झालीय.

तर संध्याकाळी. टेस्ट टोन फिरत ठेवला होता, मी रिसिव्हरच्या मागे घुसलेलो. आईने चहा आणला, अण्णांनी चहा घ्यायला खुर्ची दाराकडे वळवली, म्हणजे टीव्हीकडे पाठ. बशीत ओतून एक घोट घेतला आणि म्हणाले, 'हां, आता बघ. आता सगळं उजव्या पेटीतनं येतंय. काय केलंस?'

मी काहीच केलं नव्हतं रे.

मी मागे गुडघ्यावर बसलो होतो, हातात वायर. फॉल्ट खुर्चीबरोबर फिरला होता. वायर नाही, पेटी नाही, मशीन नाही. त्यांनीच शिकवलेला नियम, आणि मला त्याचं उत्तर नको होतं. तोंडातून निघालं, 'हो, एक सेटिंग होतं.' आणि टीव्हीवर बातम्या लावल्या.

मग एकेक आठवायला लागलं. वर्षभरापासून फोन डाव्या कानाला लावतात. जेवताना जागा बदलून आईच्या दुसऱ्या बाजूला बसतात, आम्हाला वाटलं पंख्याचा वारा नको म्हणून. यंदा दर्ग्याच्या उरुसात गाण्याला गेलो तेव्हा मधे बसायचं सोडून एकदम उजव्या टोकाला जाऊन बसले आणि मी चिडलो होतो, स्टेज तिरकं दिसतं म्हणून. रेडिओतल्या आयएफटीचा, स्टेशन स्वच्छ लागावं म्हणून फिरवायचा तो स्क्रू नुसत्या कानाने जुळवणारा माणूस सुध्या. सतारमेकर गल्लीतून जाताना सायकल न थांबवता सांगायचे, आत तारांची जोड सुरात लागलेली नाही. तूच पैज लावून हरला होतास, दोन वडापाव. आणि मिरजेत, जिथे दर चौथ्या घरावर डॉक्टरची पाटी आहे, तिथे हा माणूस कान दाखवायला गेला नाही आणि आम्हाला कोणाला कळलं नाही. स्मिताला सांगितलं तर ती म्हणाली, उद्याच घेऊन जा, साधा मळ असेल. असेलही. मी पण तेच म्हणतोय स्वतःला. पण वर्षभर?

मी ठरवलं होतं की हळूच विषय काढायचा. काल सकाळी लवकर उठलो, कोणी नव्हतं हॉलमध्ये, म्हटलं जरा लेव्हल बघू, सेंटर दोन-तीन डीबी (डेसिबल) वाढवलं तर संवाद त्यांना नीट ऐकू येतील. मेनू उघडला. कॅलिब्रेशननंतर उजवी पेटी उणे दीडवर होती, मला पाठ आहे. आता होती प्लस बारा. त्याच्या वर जातच नाही ते. घरात त्या रिमोटला हात लावणारे दोघंच, मी आणि अण्णा, आणि मी लावला नव्हता. रात्री आम्ही झोपल्यावर बसले असणार, चष्मा कपाळावर ढकलून, एकेक अर्धा डीबी वाढवत.

दुकान बंद केल्यापासून ते फॉल्ट कॅलेंडरवर लिहितात ना, मिक्सरचा, गिझरचा, त्या-त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने. मी जाऊन बघितलं. तेच कॅलेंडर, जे मी फाटक्या वॉलपेपरवर लावलं होतं. शुक्रवारच्या चौकोनात बारीक अक्षरात, 'उ. +१२. फरक नाही.' खाली रेघ. दुरुस्त झालं की ते रेघेखाली बरोबरची खूण करतात. खूण नव्हती.

म्हणजे त्यांना माहीत आहे. आणि मला माहीत आहे. आणि आम्ही दोघं काल रात्री शेजारी बसून आठच्या बातम्या बघितल्या, निवेदिका उजव्या भिंतीत राहायला गेल्यासारखी बोलत होती, आणि मी सेटिंग परत केलं नाही. स्मिता म्हणाली, 'एवढे पैसे घालून आवाज एका बाजूने का येतोय?' मी म्हटलं चालू आहे अजून काम. अण्णा टीव्हीकडे बघत होते. म्हणाले, 'नवीन मशीन आहे, रुळायला वेळ लागतो.'

मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हटलं तर येणार नाहीत, तू ओळखतोस. मी म्हटलं की ते बापाच्या आवाजात 'काही नाही' म्हणणार आणि मग तो विषय दारात पाय ठेवणार नाही. पण तुझं ऐकतात. नेहमीच ऐकलंय, मला त्याचा राग पण आलाय, ते सोड. तू येत्या रविवारी फोन कर. कानाचं काही बोलू नकोस. तुला मस्कतला रिसिव्हर घ्यायचाय म्हण, कसा लावायचा विचार, पेट्या किती अंशात, सब कुठे, सगळं विचार, त्यांना बोलू दे तासभर. आणि मग तुझं ते सांग, तुला मागे कानात शिट्टी वाजायची आणि तू घाबरून तपासून आलास ते, हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसवतात, टोन ऐकू आला की बटण दाबायचं, मग कागदावर आलेख काढून देतात. हे शेवटचं नक्की सांग. मशीन आणि आलेख म्हटलं की त्यांना बघायला जावंसं वाटेल, माझी खात्री आहे. इथल्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवलीय, त्यानंतरचा गुरुवार, साडेपाच.

आणि हळू बोल. ओरडायची गरज नाही, डावा चांगला आहे.

तुझं काय ते पण लिही रे. मुक्ताची अ‍ॅडमिशन झाली का, वहिनींची ती कंपनी बदलली की तीच, खांद्याचं ऑपरेशन करायचं का नाही ठरलं? आणि तू खरंच मार्चमध्ये येतोयस की दरवर्षीसारखं? आलास तर त्या रिसिव्हरला उरलेले दोन चॅनेल लावायचेत, एकट्याने जमत नाही. स्मिता गॅलरीत झोपेल.

तुझा
मन्या

ता. क. तुझं पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न अजून आमच्याकडेच आहे. ९४ पासून शोधतोयस ना, अण्णांच्या ड्रॉवरमध्ये होतं. टोक गेलंय, बाकी चालतं.