मूठ आधी पाहायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार. मामांच्या पेटीतल्या फिलिपिनो हत्यारांबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते आमच्या घरापुरतं ठेवणं बरं वाटेना, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. मामा बोटीवर होते, बरोबरचे बरेच खलाशी फिलिपिनो. पेटी तशी भरत गेली. विकणाऱ्यांच्या लेखी तिकडचं प्रत्येक पातं ‘बोलो’, म्हणजे तिकडचा कोयता, आणि प्रत्येक बोलो शंभर वर्षांचा! तुम्ही मात्र फोटो पाहून आधी एवढंच विचारलंत: मूठ पात्याला कशी बसवली आहे?

पानासारखं रुंद, जाड पाठीचं पातं आणि काकाकुव्याच्या तुऱ्याची मूठ, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या सुलू बेटांकडचा बारोंग. हे ओळखणं सोपं. दुसऱ्या पात्याची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर आहे, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पटाशीसारखी अशी एकतर्फी धार दिसली की मध्य फिलिपिन्समधल्या विसाया बेटांकडे बघायचं, हे तुमचं सांगणं आता डोक्यात पक्कं बसलं आहे.

खरा वेळ घेतला तो क्रिसने, म्हणजे तिकडच्या दुधारी तलवारीने. नागमोडी पात्यावर सगळे भुलतात, पण मोरो लोकांचे, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मुसलमानांचे, क्रिस सरळ पात्याचेही असतात. लाटा मोजून वय कळत नाही. तुम्ही नजर मुठीलगतच्या रुंद भागावर, ‘गांग्या’वर, नेलीत. जुन्या क्रिसात तो वेगळा तुकडा असतो आणि सांध्याची फट खरी असते. साधारण 1930 नंतरच्या बऱ्याच क्रिसांत पातं अखंड घडवून तिथे नुसती रेघ कोरलेली असते. तुमच्या सांगण्यावरून भिंग आणि टॉर्च घेऊन पाहिलं. आमच्या क्रिसात फट खरी निघाली, तरी तुम्ही लगेच शतक सांगून मोकळे झाला नाहीत, याचं मला फार कौतुक वाटलं. कारण मुठीवरचं कडं ॲल्युमिनियमचं आहे, आणि तसली कडी बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरची, विमानांच्या भंगारातून आलेली. म्हणजे पातं आधीचं, मूठ मागाहून दुरुस्त केलेली, आणि म्यान तर तुमच्या मते तिसऱ्याच हत्याराचं. पाती, मुठी, म्यानं यांची वयं वेगवेगळी लावायची, हा धडा लिलावांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनीही गिरवावा.

शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या फिलिपिनो वस्तूंशी ताडून पाहण्याची युक्तीही तुमचीच. तिथल्या कितीतरी वस्तू 20व्या शतकाच्या आरंभी गोळा झालेल्या. त्यांची घडण निदान तेवढी जुनी, हे तरी नक्की. 1898 नंतर, फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात असताना, अमेरिकी सैनिकांनी घरी नेलेल्या हत्यारांबरोबर कधी चिठ्ठी, कधी तारीख असते. तसा एक कागद दहा अंदाजांना भारी, असं तुम्ही म्हणालात. मामांनी कागद ठेवले नाहीत, त्याला इलाज नाही.

आणि हो, भाऊ पॉलिश पेपर घेऊन बसला होता, त्याला तुम्ही वेळीच थांबवलंत! आता पात्यांना फक्त तेलाचा हात देतो.

पैशांचा विषय तुम्ही दोनदा उडवून लावलात, म्हणून हे जाहीर आभार. बारोंगच्या म्यानावरच्या वेताच्या विणीचे जवळून काढलेले फोटो रविवारी पाठवते.

तुमची,
मामांची भाची