सीनेला भिंत घालण्याआधी सीना मोजा

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोलापूर जिल्ह्यातील सीना नदीने लांबोटीजवळ पुणे महामार्ग आणि वडकबाळजवळ विजयपूर महामार्ग बंद पाडला. असा पूर आला की पूरसंरक्षक भिंतीची मागणी होतेच. आमचा भिंतीला सरसकट विरोध नाही. पण ती कुठे गाव वाचवेल आणि कुठे बुडवेल, हे मोजल्याशिवाय निविदा काढू नका.

समुद्राचे उधाण भरती ओसरली की काही तासांत उतरते. सीनेचे तसे नाही. सीना भीमेला मिळते त्या कुडलच्या संगमावर भीमा तुडुंब असेल तर सीनेचे पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे चढत जातो. भीमेची पातळी उजनी आणि वीर धरणांच्या विसर्गावर, तर सीनेत वरून सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचे पाणी. त्यामुळे एकट्या सीनेचा १०० वर्षांचा पूर (कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला) धरून केलेले गणित अपुरेच राहील. संगमावर भीमा खाली, मध्यम आणि भरलेली, अशा तिन्ही स्थिती घ्या आणि प्रत्येक वेळी वरच्या धरणांच्या विसर्गाच्या वेळा बदलून पाहा.

पात्राचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतच्या उंचीची मोजणी, नव्यानेच घ्यावे लागतील. वाळूउपशानंतर जुने कामाचे नाहीत. सरळ पात्रात दर ५०० मीटरला एक छेद पुरे. मात्र प्रत्येक पुलाच्या आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या वर-खाली स्वतंत्र छेद हवा, आणि तो शेतांतून थेट तांबड्या (१०० वर्षांच्या पुराच्या) पूररेषेपलीकडे गेला पाहिजे. पाणी पात्राबाहेर पसरले की पातळीवरून विसर्ग काढण्याचा वक्र फसतो. म्हणून घरांच्या, देवळांच्या भिंतींवर राहिलेल्या गाळाच्या खुणा रंगकामात जाण्याआधी उंचीसह नोंदवून घ्या.

आता प्रत्यक्ष भिंत, म्हणजे मातीचा बांध. गावठाणासाठी १०० वर्षांचा पूर आणि शेतीसाठी २५ वर्षांचा, हा भारतीय मानकाचा संकेत आहे. विसर्ग ३,००० घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे १ लाख ६ हजार क्युसेकपर्यंत असेल, तर पूरपातळीच्या वर किमान दीड मीटर मोकळी उंची लागते, त्यापुढे १.८ मीटर. ४ मीटर उंच, माथा ५ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना १:२ उतार धरला तर तळ २१ मीटर होतो. एका किलोमीटरला ५२,००० घनमीटर, म्हणजे साधारण १८,४०० ब्रास माती आणि पाच एकरांहून जास्त जमीन. तीही काठची बागायती.

काळी माती हार्टिंगला (बांधाच्या गाभ्याला) चालते, पण वर मुरमाचे केसिंग (बाहेरचा थर) नसेल तर उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्याच पुरात पाणी त्या भेगांत शिरते. दुसरा धोका नदीवरच्या मोटारींच्या पाइपलाइनचा. बांधाखालून गेलेल्या प्रत्येक पाइपच्या कडेने पाणी माती धुऊन नेऊ शकते. शेतकऱ्याला पाइप टाकायला अधिकृत जागा दिली नाही, तर तो रात्रीत बांध खोदणार, हे गृहीतच धरा.

सर्वांत जास्त विसरले जाते ते आतले पाणी. बांधातून ओढा बाहेर काढायचा तर झडप लागते आणि नदी चढली की ती बंद होते. आत एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर पाणी साचेल. ते २४ तासांत उपसायला सेकंदाला सुमारे १,१५० लिटरचे पंप हवेत. ते चालणार कशावर? पुरात डीपी पाण्याखाली, वीज आधीच बंद. डिझेल पंप, उंच चौथरा आणि रात्रपाळीचा माणूस खर्चात धरलेला नसेल तर ते अंदाजपत्रक खोटे.

आमचा कल असा: शेतीच्या संपूर्ण काठाने भिंत नको, कारण पाणी पसरायची जागा गेली की पातळी चढते आणि ते समोरच्या काठावर जाते. निवडक गावठाणांभोवती बांधाचे गोल कडे, पुलांच्या भरावात जादा मोऱ्या आणि निळ्या (२५ वर्षांच्या पुराच्या) रेषेतल्या घरांचे पुनर्वसन, हे तिन्ही पर्याय भिंतीशेजारी ठेवून खर्च-लाभ काढा. ‘भिंत नको’ हा निष्कर्षही ग्राह्य राहील, असे अभ्यासाच्या कार्यकक्षेतच लिहा.

बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायला मात्र कोणत्याच अहवालाची गरज नाही. पावसाळ्याआधी ते निघाले नाहीत तर बाभळी आणि कचरा अडकून बंधाऱ्याचे धरण होते. मे अखेरीस प्रत्येक बंधाऱ्याचा तारखेसह फोटो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, एवढा आदेश आपण आजही काढू शकता.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील स्थापत्य व जलसंपदा अभियंते