मन्याला पत्र: डोनेगलच्या रेलकारी

प्रिय मन्या,

तू विचारलंस की तिकडे आयर्लंडात आपल्या बार्शी लाइट रेल्वेसारखं काही होतं का, तर अरे होतं, आणि असं होतं की फोनवर दहा मिनिटांत सांगून मन भरणार नाही म्हणून बसून लिहितोय. निवांत वाच, आणि अप्पांना वाचून दाखव, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला यातलं निम्मं न सांगताच कळेल.

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगल म्हणून काउंटी आहे. डोंगर, दलदल, तळी, खडकाळ जमीन, मेंढ्या, आणि पलीकडे थेट अटलांटिक. तिथे तीन फुटी गेजची रेल्वे होती, म्हणजे 914 मिलिमीटर, आपल्या बार्शीच्या अडीच फुटीपेक्षा थोडी रुंद. नाव काउंटी डोनेगल रेल्वेज. सगळे फाटे धरून साधारण 125 मैल, आयर्लंडमधलं सगळ्यात मोठं नॅरोगेज जाळं हेच. आज त्यातला एक मैलसुद्धा चालू रेल्वे म्हणून उरलेला नाही, काउंटीत मेन लाइनचं एकही स्टेशन नाही. बार्शीची लाइन निदान रुंद झाली रे, स्टेशनं राहिली, गाडी येते. इकडे सगळं उखडून नेलं.

सुरुवात 1863 ला झाली, स्ट्रबेन ते स्ट्रॅनोरलर, आणि गंमत म्हणजे तो तुकडा तेव्हा आयर्लंडच्या ब्रॉडगेजचा होता, पाच फूट तीन इंची. पुढे डोंगरात शिरायचं तर तेवढा खर्च परवडेना म्हणून 1882 ला पुढची लाइन तीन फुटी टाकली, आणि 1894 मध्ये मागचा जुना तुकडाही अरुंद करून टाकला. आपल्याकडे गेज कन्व्हर्जन म्हटलं की नॅरोचं ब्रॉड, इकडे उलटं. मग 1889 च्या लाइट रेल्वे कायद्याने गरीब भागांसाठी सरकारी पैसा मिळाला, त्यातून 1893 ला किलीबेग्जच्या मासेमारी बंदरापर्यंत आणि 1895 ला ग्लेंटीजपर्यंत रूळ गेले, 1900 ला डेरी, 1905 ला बॅलीशॅनन, 1909 ला लेटरकेनी. 1906 मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी, ग्रेट नॉर्दर्न आणि इंग्लंडच्या मिडलंडने, मिळून ती विकत घेतली आणि चालवायला जॉइंट कमिटी नेमली.

इंजिनं बघायला सुंदर. मँचेस्टरजवळच्या नॅस्मिथ विल्सन कारखान्याची 2-6-4 टँक इंजिनं, पुढे दोन छोटी चाकं, मधे सहा ओढणारी, मागे चार, पाणी बाजूच्या टाक्यांत, लाल जिरेनियम रंग, आणि नावं आसपासच्या गावांची, नद्यांची, संतांची: मीनग्लास, ड्रमबो, फिन, कोलम्बकिल. ब्लँच नावाचं 1912 चं इंजिन बेलफास्टजवळ कल्ट्राच्या म्युझियममध्ये आहे. त्याच्या शेजारी उभं राहिलं की नॅरोगेज म्हणजे खेळण्यातली गाडी हा समज पार जातो, चांगलं अंगापिंडाने भरलेलं इंजिन आहे ते.

पण मला तुला खरं सांगायचंय ते रेलकारींबद्दल, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या एकट्या प्रवासी डब्यांबद्दल, कारण या गरीब, कोपऱ्यातल्या, तोट्यातल्या रेल्वेने जे केलं ते करायला मोठमोठ्या श्रीमंत रेल्वेंना आणखी वर्षं लागली, आणि ते फारसं कोणाला माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हेन्री फोर्ब्स म्हणून माणूस 1910 मध्ये या रेल्वेचा कारभार बघायला आला आणि 1943 मध्ये वारला तोपर्यंत तिथेच होता. त्याच्या आधीपासून यार्डात एक चार चाकी पेट्रोलची डबी पडून होती, 1907 पासूनची, ऑल्डेज अँड अनियन्स कंपनीची, दहा हॉर्सपॉवर. साहेबलोकांनी लाइन तपासायला फिरावं म्हणून घेतलेली. 1926 मध्ये ब्रिटनमध्ये कोळसा खाणींचा संप झाला आणि इंजिनांना कोळसाच मिळेना, तेव्हा फोर्ब्सने हीच डबी टपाल आणि माणसं न्यायला लावली. गाडी चालली. आणि त्याच्या लक्षात आलं की थोड्याशा माणसांसाठी अख्खं वाफेचं इंजिन पेटवणं म्हणजे शुद्ध पैसा जाळणं. सकाळी कित्येक तास आधी बॉयलर तापवा, फायरमन ठेवा, कोळसा आणा, राख काढा, पाणी भरा, आणि डब्यात बसणार बाजाराला निघालेल्या चार बायका. त्याच वर्षी त्याने इंग्लंडच्या एका छोट्या रेल्वेकडून दोन सेकंडहँड फोर्ड रेलकारी आणल्या आणि तीन फुटीवर बसवून घेतल्या.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. एकामागून एक पेट्रोलच्या गाड्या, जुन्या, जोडलेल्या, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या. आणि 1931 मध्ये सात आणि आठ नंबरच्या रेलकारी, गार्डनर कंपनीचं सहा सिलिंडरचं 74 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, बॉडी स्ट्रबेनच्या ओडोहर्टीकडे बांधलेली. आता नीट वाच: ब्रिटन आणि आयर्लंड मिळून रोजच्या नियमित प्रवासी सेवेत डिझेल रेलकार पहिल्यांदा इथे धावली, लंडनला नाही, मँचेस्टरला नाही, डोनेगलच्या डोंगरात. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न या मोठ्या रेल्वेची ती गाजलेली डिझेल कार 1933 ची आहे. ज्या रेल्वेकडे नवे रूळ घ्यायला पैसे नव्हते तिने हे केलं, आणि पैसे नव्हते म्हणूनच केलं, पर्यायच नव्हता ना.

पुढे 1934 पासून विगनच्या वॉकर ब्रदर्सच्या रेलकारी आल्या, आणि त्या माझ्या सगळ्यात आवडत्या. अप्पांना हे नीट समजावून सांग. पुढे चार चाकांची स्वतंत्र पॉवर बोगी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, खालचा चाकांचा गाडा), तिच्यावर इंजिन आणि ड्रायव्हरची केबिन, आणि प्रवाशांचा डबा मागून त्या बोगीवर टेकलेला, दुसऱ्या टोकाला साधी बोगी. म्हणजे केबिन आणि डबा एकच खोकं नाही, मधे खाच आहे, वळणावर दोन्ही वेगवेगळे वळतात. फायदा दुहेरी. तीव्र वळणं आरामात, आणि इंजिनची थरथर पॅसेंजरच्या बुडाखाली येत नाही. वर्कशॉपलाही सोपं, अख्खी पॉवर बोगी बाहेर ओढून काम करता येतं. कल्ट्राला दहा नंबरची रेलकार आहे, 1932 ची, मूळची शेजारच्या क्लॉगर व्हॅली रेल्वेची, ती रेल्वे बंद पडल्यावर 1942 मध्ये डोनेगलवाल्यांनी उचलली. तिच्या बाजूला जाऊन मी त्या फटीत वाकून बघितलं. केबिनची मागची भिंत आणि डब्याची पुढची भिंत समोरासमोर, मधे हात जाईल एवढी मोकळी जागा. ड्रायव्हर एका गाडीत, पॅसेंजर दुसऱ्या गाडीत, आणि तरी गाडी एकच.

या रेलकारी एकाच दिशेने चालवायच्या असत, ड्रायव्हर फक्त एका टोकाला. मग शेवटच्या स्टेशनला टर्नटेबलवर घेऊन फिरवायचं. मागे एखादा ट्रेलर डबा आणि एकदोन वाघिणी जोडायच्या. त्या वाघिणींची एक पद्धत होती, लाल रंगाच्या म्हणजे व्हॅक्यूम ब्रेकच्या, ड्रायव्हरला पुढूनच ब्रेक लावता येतो अशा, त्या रेलकारीमागे चालतील, करड्या रंगाच्या म्हणजे तो ब्रेक नसलेल्या, त्या फक्त मालगाडीत. यार्डातल्या माणसाला कागद बघायची गरज नाही, रंग बघितला की झालं. किती साधी आणि किती पक्की युक्ती आहे ही!

आणि थांबे. स्टीम गाडी थांबवणं आणि पुन्हा वेग घेणं महागाचं काम, रेलकारीला त्याचं काही नाही, म्हणून फोर्ब्सने फाटकांवर, शेताच्या वाटांच्या तोंडाशी थांबे दिले. प्लॅटफॉर्म नाही, छप्पर नाही, पायरीवरून चढायचं. तेव्हा रस्त्यावर बसवाले सुटलेच होते धंदा खायला, त्यांच्याशी लढायचं तर एसटीसारखं हात दाखवा गाडी थांबवा हेच करायला हवं, हे त्याने ओळखलं. माझ्या मते हा माणूस इंजिनियर नसून इंजिनियरांपेक्षा मोठा होता, कारण गाडी कोणासाठी चालते हे त्याला पक्कं माहीत होतं.

त्याची काटकसर फिनिक्स नावाच्या छोट्या इंजिनात दिसते. 1928 ला क्लॉगर व्हॅलीने रुळांवर चालणारा एक वाफेचा ट्रॅक्टर घेतला होता, उभ्या बॉयलरचा, अजिबात काम देईना. 1932 मध्ये डोनेगलने तो घेतला, बॉयलर काढून टाकला, आत गार्डनरचं डिझेल इंजिन बसवलं आणि अकरा नंबर दिला. लाइन बंद होईपर्यंत तो स्ट्रबेनच्या यार्डात डबे ढकलत होता. दुसऱ्याने फेकलेली वस्तू सत्तावीस वर्षं वापरली रे.

मधे फाळणी झाली ते विसरून चालणार नाही. आयर्लंडची फाळणी झाली आणि या रेल्वेच्या अंगावरूनच सीमा गेली, स्ट्रबेन आणि डेरी उत्तर आयर्लंडात म्हणजे ब्रिटिश राज्यात, बाकी सगळं नव्या फ्री स्टेटमध्ये, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडात. 1923 पासून कस्टम चालू. स्ट्रबेनला एक झडती, पलीकडे कॅसलफिनला दुसरी, लेटरकेनीच्या फाट्यावर लिफर्डला आणखी एक. काल ज्या बाजारात जायचो तिथे आज लोणी नेताना पोतं उघडून दाखवायचं. वेळापत्रकात तेवढा वेळ धरावा लागे. स्ट्रबेनला तर आधीच डोकेदुखी, तिथे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारीशेजारी, सगळा माल हातांनी इकडचा तिकडे करायचा. हमालांचं ते काम कुर्डुवाडीला अप्पांनी डोळ्यांनी बघितलंय, त्यांना विचार.

शेजारी लॉख स्विली म्हणून दुसरी तीन फुटी रेल्वे होती, तिने रेलकारी कधी घेतल्याच नाहीत. तिच्याकडे मात्र 1905 ची 4-8-0 इंजिनं होती, त्या चाकरचनेची, मागे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी म्हणजे टेंडर असलेली, आयर्लंडमधली एकमेव. 30 जानेवारी 1925 च्या रात्री ओवेनकॅरो पुलावर वादळाने तिचे डबे उलटवले, चार माणसं गेली. त्या पुलाचे दगडी खांब अजून क्रीस्लोजवळ उभे आहेत, रस्त्यावरून दिसतात. वारा कसला असतो इकडे ते तिथे गाडीतून उतरल्यावर कळतं, दार हातातून सुटतं.

डोनेगलच्या रेलकारींनी रेल्वेला जवळजवळ तीस वर्षं जास्तीचं आयुष्य दिलं असं मी म्हणेन. वाफेची इंजिनं मालगाड्यांना आणि रविवारी रॉसनोलाच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्या जत्रेच्या गाड्यांना उरली, रोजची माणसं रेलकारीत. शेवटच्या दोन, 19 आणि 20 नंबर, 1950-51 मध्ये आल्या, म्हणजे तोवरही आशा होती. पण रूळ आणि स्लीपर झिजले, ते बदलायला रक्कम हवी होती, मालक ग्रेट नॉर्दर्न स्वतःच बुडीत निघाली होती. ग्लेंटीजची प्रवासी गाडी 1947 ला गेली, डेरीचा फाटा 1954 संपताना, आणि 31 डिसेंबर 1959 ला उरलेली सगळी लाइन. माल थोडे आठवडे पुढे चालला, इतकंच.

मग 1961 मध्ये लिलाव. 19 आणि 20 आयल ऑफ मॅनच्या रेल्वेने घेतल्या, तिचंही गेज तीन फुटीच, आणि तिथे त्या पाठीला पाठ लावून जोडल्या, म्हणजे दोन्ही टोकांना ड्रायव्हर, टर्नटेबलची कटकटच संपली! एका अमेरिकन माणसाने इंजिनं आणि डबे विकत घेतले, तिकडे न्यायचे म्हणून, पण जहाजाचं भाडं परवडलं नाही, आणि तो माल वर्षानुवर्षं स्ट्रबेनच्या यार्डात पावसात गंजत पडला. मला त्या माणसाबद्दल राग नाही, त्याने घेतली नसती तर भंगारवाल्याने त्याच महिन्यात कापली असती. मीनग्लास आणि कोलम्बकिल आज डेरीला आहेत ते त्यामुळेच.

मी बार्न्समोर गॅपमधून बऱ्याचदा जातो. दोन डोंगरांमधली खिंड, खाली हायवे, आणि वर डोंगराच्या कुशीत एक आडवी सरळ रेघ दिसते, तीच लाइन. मेंढ्या चरतात तिच्यावर. गवत दाट झालंय पण भराव इतका नीट घातलाय की खालून चालत्या गाडीतूनही ओळखू येतो. मला दर वेळी वाटतं की या उंचीवर, या पावसात, तो लाल पिवळसर डबा एकटा चालला असेल, खिडकीतून दिवा दिसत असेल, आणि आत किलीबेग्जची माणसं बोलत बसली असतील. हे मी उगाच हळवा होऊन लिहीत नाही, मला खरंच ती लाइन चालू असायला हवी होती. आज डोनेगल टाऊनहून डेरीला जायचं तर बस नाहीतर स्वतःची कार, म्हाताऱ्या माणसाने काय करायचं?

तू जूनमध्ये येतोयस ना, तर आधी फिनटाउनला जाऊ. तिथे लॉख फिन तळ्याच्या काठाने जुन्या ग्लेंटीज लाइनवर थोडे रूळ पुन्हा टाकलेत, आणि 1940 ची वॉकरची 18 नंबरची रेलकार तिथे आहे. उन्हाळ्यातच गाडी चालते म्हणून तिकीट त्या हिशोबाने काढ. कल्ट्रा दुसऱ्या दिवशी, तिथे पूर्ण दिवस लागतो, घाईत बघायची जागा नाही ती. अप्पांचा पासपोर्ट झाला का ते कळव, आणि झाला नसेल तर सोलापूरला जाऊन आधी ते काम कर, त्यांच्याशिवाय येऊ नकोस, पॉवर बोगीच्या खाली काय आहे हे मला त्यांच्याकडूनच समजून घ्यायचंय. वहिनींना आणि काकूंना नमस्कार. येताना कुर्डुवाडीचे जुने फोटो असतील तर आण, इथल्या दोघातिघा म्हाताऱ्यांना दाखवायचेत, ते कधीपासून विचारतायत.

तुझा,
संदीप