हापूसच्या जाहिरातीत ‘अस्सल’ नको, वजन हवे

मा. संपादक यांस,
स.न.

हंगाम सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर आणि छोट्या जाहिरातींत हापूसचा पूर येतो. ‘अस्सल’, ‘नं. 1’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘आजच बुक करा’. यातला एकही शब्द खोके उघडल्यावर ताडून पाहता येत नाही. थेट विक्री करणारे बागायतदार आणि घरगुती विक्रेते यांच्यासाठी जाहिरातीचा मजकूर लिहिण्याच्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात वजनापासून करावी, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते. भाव डझनाचा सांगतात, फळाचे वजन सांगत नाहीत. 180 ग्रॅमच्या फळांचा डझन 2 किलो 160 ग्रॅम भरतो, 260 ग्रॅमच्या फळांचा 3 किलो 120 ग्रॅम. एकाच डझनात जवळपास किलोभराचा फरक! बाजारात ‘चार डझनी’, ‘पाच डझनी’ पेटी म्हटले की फळाचा आकार कळतो, कारण पेटी तेवढीच असते. शहरातल्या गिऱ्हाइकाला ते माहीत नसते. म्हणून नमुन्याची डझनभर फळे काट्यावर ठेवावीत आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या फळाचे वजन लिहावे. सरासरी लिहू नये. गिऱ्हाईक घरी लहानच फळ उचलून तोलते आणि तिथून तक्रार सुरू होते.

दुसरी गोष्ट काढणीची. चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्याहून थोडे कमी) तयार झालेले फळ उतरवले तर ते आढीत नीट पिकते. हंगामाच्या सुरुवातीच्या चढ्या भावासाठी कोवळे उतरवलेले सुरकुतते, गोडी धरत नाही. झाडावर जास्त राहिलेल्यात साक्याचे, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचे, प्रमाण वाढते. त्यामुळे काढणीची तारीख आणि फळ कोणत्या अवस्थेत पोहोचेल हे जाहिरातीत हवेच. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, तेव्हा ‘साका निघणार नाही’ असे वचन कोणीही देऊ नये. निघाला तर काय कराल, ते लिहावे.

‘कार्बाइडमुक्त’ ही तर मिरवायची गोष्टच नव्हे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. फळ इथिलीनच्या खोलीत पिकवले असेल तर तसे सरळ लिहावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. ‘रसायनमुक्त’ लिहिण्याआधी तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग यांच्यासाठी मोहोरावर कोणत्या फवारण्या झाल्या, हे बागायतदाराला विचारावे. ‘सेंद्रिय’ लिहायचे तर प्रमाणपत्र हाताशी हवे.

नावाचेही तसेच. 2018 मध्ये हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. दुसरीकडचा आंबा चवीला चांगला असू शकतो, पण तो त्याच्या गावाच्या नावानेच विकावा. ‘देवगड’ लिहायचे तर बाग देवगड तालुक्यातलीच हवी.

‘फक्त 10 पेट्या शिल्लक’ ही ओळ खरी असेल तरच लिहावी आणि पेट्या संपल्या की त्याच दिवशी काढावी. खोटी घाई लावणे केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवले आहे. अटी बारीक अक्षरात दडवणेही चालत नाही: 2022 च्या जाहिरातविषयक तत्त्वांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरप्रकारात हवा. आंब्याला खोट्या घाईची गरजही नाही. शेवटची काढणी साधारण कधी आहे, एवढे सांगितले की पुरते.

मजकूर मग असा होतो: ‘देवगड तालुक्यातील बागेचा हापूस. खोक्यात 12 फळे, प्रत्येकी 220 ते 250 ग्रॅम. काढणी 14 एप्रिल, चौदा आणे तयार. फळ कच्चे पोहोचेल. गवतात किंवा कागदात ठेवल्यास साधारण आठवड्याभरात पिकेल. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नये, नीट पिकत नाही. साका निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. पोहोच खर्च वेगळा, पुण्यात 150 रुपये.’

यात बढाईचे एकही विशेषण नाही. ‘कच्चे पोहोचेल’ ही ओळ गाळावी असा आग्रह विक्रेते हमखास धरतात, गिऱ्हाईक बिचकेल म्हणून. पण ती गाळली की ‘आंबा हिरवाच निघाला’ असे फोन पहिल्याच दिवशी येतात आणि उरलेले खोके लोक फ्रिजमध्ये कोंबून नासवतात. ती ओळ कितीही जागा खाऊ दे, राहू द्यावी.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. छोट्या जाहिरातींच्या अर्जात ‘हापूस’साठी तालुका, फळाचे वजन, काढणीची तारीख आणि पिकवण्याची पद्धत असे चार रकाने सक्तीचे करावेत. शब्दमर्यादेमुळे विक्रेते नेमकी हीच माहिती गाळतात, म्हणून या चार रकान्यांच्या शब्दांना दर लावू नये.

आपली,
एक जाहिरात-लेखिका, रत्नागिरी