खाऱ्या वाऱ्यातली गाडी

कोल्हापूर, १२ मे २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, गाडी ठेवायची की काढायची, हे तुम्ही फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तूही वाच, कारण वर्षाचा हिशेब तुझ्याच वहीत असतो.

आपली गाडी २०१२ ची, बाराशे सीसी, पेट्रोल. वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर धावते. एवढ्या धावण्याने इंजिन झिजत नाही. आपल्या देवगडजवळच्या जामसंड्यात गाडी म्हातारी होते ती उभ्या उभ्या, खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने. त्यामुळे इंजिनाचा आवाज ऐकून निर्णय घेऊ नका. निर्णय खालच्या पत्र्यावर घ्यायचा आहे.

पाऊस सुरू व्हायच्या आत गाडी कणकवलीला नेऊन लिफ्टवर चढवायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहून बघा. चाकांच्या वरच्या कमानीत जांभ्याची लाल माती घट्ट बसलेली असते. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. ती पाण्याच्या जोराने पूर्ण काढून घ्या. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं: दरवाज्यांखालची पट्टी, जॅक लावायच्या चार जागा, फ्लोअरच्या कडा, मागचा ॲक्सल बॉडीला जिथे जोडला आहे ती जागा आणि बॉनेट उघडल्यावर शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं तो पत्रा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि त्याचे पापुद्रे गळतात. ब्रेकच्या लोखंडी नळ्याही हात लावून बघायला सांगा. त्यांच्यावर खवले आले असतील तर त्या बदलायच्याच, तिथे दुरुस्ती नाही.

नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात शेवटी अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे खालच्या पत्र्यावरचा संरक्षक थर. तीन ते पाच हजारांत काम होतं. पण गाडी धुतल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळली पाहिजे. ओल्या, मातकट पत्र्यावर काळं कोटिंग मारलं तर मीठ आणि पाणी आत कोंडतं, वरून सगळं नवं दिसतं आणि दोन वर्षांत आतून चाळण होते. न मारलेलं कोटिंग त्यापेक्षा बरं. दरवाज्यांच्या बुडाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती कोटिंगने बुजू देऊ नका.

घरी धुताना पाणी कुठलं वापरता, यालाही महत्त्व आहे. खाडीकडच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने गाडी धुणं म्हणजे मीठ चोळणं. मुलं आली की गाडी समुद्राच्या पुळणीवर, वाळूत नेण्याचा हट्ट करतील, तेव्हा नाही म्हणा. आणि पावसात गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नका. ती खालून ओल धरते. वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, एवढंच गाडीला पुरतं. माडाखाली तर कधीच लावू नका, नारळ काय आणि झावळी काय, सांगून पडत नाही.

आंब्याखाली लावलेल्या गाडीचा त्रास वेगळा. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये काळी जाळी आहे, तिच्याखाली पाणी वाहून जायची वाट असते. मोहोर आणि पानं तिथे कुजून ती वाट बुजवतात, मग पाणी डावीकडच्या सीटसमोर पायापाशी उतरतं. गालिचा ओला लागला तर आधी कारण ओळखा. पाऊस पडल्यावर ओला होत असेल तर ही जाळी तुंबली आहे. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर ओला होत असेल तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली आहे. दोन्ही कामं शंभर-दोनशे रुपयांची. दुर्लक्ष केलं तर फ्लोअर आतून सडतो, बुरशी येते आणि डॅशबोर्डखालचे वायरिंगचे जोड हिरवे पडतात. ते दुरुस्त करायला मात्र हजारोंनी लागतात.

बाबा, तुम्ही रोज सकाळी खळ्यात गाडी पाच मिनिटं चालू करून ठेवता. ते बंद करा. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापले नाहीत तर ते पाणी आतच साचतं. सायलेन्सर आतून गंजतो, ऑइलमध्येही ओल उतरते. शिवाय स्टार्टरने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढी पाच मिनिटांत भरून येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा सलग अर्धा तास रस्त्यावर चालवा, नांदगाव तिठ्याच्या दिशेने जाऊन परत या. बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते ती भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर दोष अल्टरनेटरकडे (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा भाग) किंवा वायरिंगकडे शोधायचा, बॅटरी बदलून पैसे वाया जातील. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला तर आधी काळी वायर सोडायची, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवायचं, वाळवून पेट्रोलियम जेली लावायची. जोडताना काळी वायर शेवटी.

आता ब्रेक. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण तुम्ही फोंडा घाटाने ये-जा करता. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं, आणि आपल्याकडे हवेत बाष्पाला तोटा नाही. पाणी मिसळलं की ते कमी तापमानाला उकळतं. घाट उतरताना ब्रेक तापले की नळीत वाफ होते आणि पेडल दाबलं तरी पोकळ लागतं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल काढून, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून नवं भरायचं. एक लिटरचा डबा पुरतो आणि मजुरीसकट हजार-दीड हजारांत होतं. यात काटकसर नको. आणि दाजीपूरहून खाली येताना दुसऱ्या गिअरमध्येच या, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवू दे.

पावसात हॅण्डब्रेक लावून गाडी चार दिवस उभी राहिली की मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. त्याऐवजी सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी चिऱ्याचा तुकडा लावा. चिकटलेच तर ॲक्सलरेटर देऊन ओढू नका, हळू पुढे-मागे करा. सकाळी पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर दिसणारा लाल गंज पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याची चिंता नको. एकच पुढचं चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल तर मात्र बहुधा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्या आहेत. त्या काढून, साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं की पॅड वाचतो, मायलेजही सुधारतं. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

एसीबद्दल. दरवर्षी गॅस भरणं हा उपाय नाही. गॅस आपोआप संपत नाही, तो गळतो. आपल्याकडे बहुधा पुढचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) खाऱ्या हवेने गळू लागतो. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधा, मगच खर्च करा. नाहीतर दोन-अडीच हजारांचा गॅस दरसाल हवेत जातो आणि कॉम्प्रेसरला ऑइल कमी पडून तोही बसतो.

बाकी लहान गोष्टी. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक आवाज आला तर ॲक्सलचं रबरी बूट फाटलं आहे का बघा. बूट काहीशे रुपयांचं, आत माती जाऊन जॉइंट गेला तर काही हजार. खडबडीत रस्त्यावर पुढून खडखड येत असेल तर आधी चाकाला जोडणारे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश (सांध्यांतली रबरं) तपासा, थेट शॉकॲब्सॉर्बर बदलू देऊ नका. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालू नका, तयार कूलंटच घाला. ते वारंवार कमी होत असेल तर भरत बसण्यापेक्षा गळती शोधा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपले टायर नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचे होत आले, रबर कडक झालं असेल तर बदला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि आपली गाडी त्यासाठी बनलेली नाही. पेट्रोलचे रबरी पाइप आणि टाकीचं सील तपासून घ्या. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका. गाडीत सुकट, खोबरं असं काही राहू देऊ नका. उंदीर आधी वासाने येतात, मग एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात आणि वायरी कुरतडतात.

आई, आता हिशेब. ऑइल, फिल्टर, सर्व्हिस: साडेचार हजार. विमा: साडेसहा हजारांच्या आसपास. टायरचे सोळा हजार पाच वर्षांत वाटले तर वर्षाला तीन हजार दोनशे, बॅटरीचे साधारण साडेबाराशे. ब्रेक, सस्पेन्शन, एसी मिळून सरासरी सहा हजार आणि गंजासाठी दोन हजार. एकूण साडेतेवीस हजारांच्या आसपास, पेट्रोल सोडून. पेट्रोलचे किलोमीटरला सात रुपये धर. आता आठ लाखांची नवी गाडी घे. विम्याच्या तक्त्याप्रमाणेच पाचव्या वर्षी तिची किंमत निम्मी होते, म्हणजे काहीही न बिघडता वर्षाला ऐंशी हजार गेले. म्हणून पत्रा चांगला असेल तर ही गाडी ठेवणं स्वस्त आहे. जॅकच्या जागेत, शॉकॲब्सॉर्बरच्या टोकाशी किंवा मागच्या ॲक्सलच्या जोडापाशी दाबल्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्यात आत गेलं तर मात्र एक रुपयाही घालू नका. अपघातात तो पत्रा तुम्हाला सांभाळणार नाही. त्या दिवशी गाडी काढायची.

विम्याची तारीख चुकवू नका. मुदत संपून नव्वद दिवस उलटले तर नो क्लेमची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी, पन्नास टक्के सवलत जाते. दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका, त्यातले हजार तुमच्याच खिशातले आणि सवलतही जाते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत सहसा इंजिनाचे पैसे मिळत नाहीत. ढकलून बाहेर काढा आणि टो करा.

२०२७ मध्ये नोंदणीला पंधरा वर्षं होतील. ओरसच्या आरटीओत पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागेल, फी पाच हजार आणि वर जुन्या गाडीवरचा हरित कर. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करायचा, उशीर झाला तर महिन्याला पाचशे रुपये जादा. तो खर्च करायचा की नाही, हे यंदाच्या आणि पुढच्या मेमधल्या पत्र्याच्या तपासणीवर ठरवू. लिफ्टवर असताना मी वर सांगितलेल्या प्रत्येक जागेचा फोटो मोबाइलवर काढून पाठवा, टॉर्च लावून, जवळून. बदललेले जुने पार्ट डिकीत टाकून घरी आणा, चतुर्थीला आले की बघते.

तुमची,
लेक